नकारानंतरचा तास

देवपूर, धुळे
९ फेब्रुवारी २०२५

चि. हितेंद्र,

आशीर्वाद आहेत, पण आज हात आखडता घेऊन देते आहे. पुढचं वाचलंस की कारण कळेल.

पत्र का, फोन का नाही, असं विचारशील. फोनवर तू "हो अक्का, बरोबर अक्का" म्हणतोस आणि मागे तुझी बोटं टकटक करत असतात. मला ऐकू येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला माझा, मागच्या बाकावर कोण काय करतंय ते मी फळ्याकडे तोंड करून सांगायची. तेव्हा हे नीट वाच आणि उत्तर हातानेच लिही.

तुझी मालिका मी नेमाने बघते. 'मृगशीर्षची फेरी' हे नाव ऐकून आधी वाटलं होतं, एसटीवर काहीतरी असेल. निघालं अंतराळयान. तरी बघितली, कारण ही माझ्या चुलतबहिणीच्या मुलाने लिहिली आहे, कॉलेजची दोन वर्षं माझ्याच घरी राहून शिकलेल्या मुलाने, हे मी गल्लीभर सांगून बसले आहे. शनिवार-रविवार मी आणि दिपमाला टीव्हीसमोर असतो. दिपमाला म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, भिकनची मुलगी. तू तिला लहानपणी पाहिलं असशील. आता माझ्याकडेच, आत्याकडे राहते, बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे.

सुरुवातीला तुझा कप्तान व्योमेश मला आवडायचा. मनगटावरचा तो कालकाटा फिरवला की वेळ एक तास मागे जाते आणि झालेला अपघात टळतो, ही कल्पना चांगली होती. यानाला आग लागली, फिरवला काटा, विझवली आग. पण गेले दोन महिने तो आगी विझवायचं सोडून त्या डॉक्टर रेवाच्या मागे लागला आहे. तो तिला लग्नाचं विचारतो. ती नाही म्हणते, सरळ तोंडावर. हा दाराबाहेर जातो, काटा फिरवतो, आणि ती नाही म्हणालीच नव्हती असं होऊन जातं. मग नवं फूल, नवं बोलणं. काल त्याने नवव्यांदा विचारलं. हितेंद्र, तिला बिचारीला वाटतं हा पहिल्यांदाच विचारतोय. आठ वेळा दिलेलं उत्तर तिच्यापाशी उरलेलंच नाही. आणि तू त्यावर बासरी लावतोस.

काल तो प्रसंग सुरू झाला तशी दिपमाला उठून आत गेली. काय गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही फुई, डोकं दुखतंय." हल्ली कॉलेजहून येते ती थेट खोलीत जाते. परीक्षेची काळजी असेल. तिचं असू दे, पण मला तुझ्या कप्तानाचं वागणं पटत नाही, एवढं कळवायचं होतं.

हेमांगी सूनबाईला सांग, जळगावला जाणारं कोणी मिळालं की लोणचं पाठवते.

कमलअक्का


जळगाव
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार. आखडते आशीर्वाद पोचले, मला तेवढेही पुरतात.

पेन शोधण्यात अर्धा दिवस गेला. शेवटी हेमांगीने सराफाच्या दुकानातून फुकट मिळालेलं एक काढून दिलं. सोन्याचे भाव बघून असेल, पण त्यातून शाई फार जपून येते. अक्षर लागलं नाही तर तो दोष माझा धरू नकोस.

आता कप्तानाची बाजू मांडतो, कारण तो स्वतः सध्या गुरूच्या एका चंद्राजवळ अडकला आहे. अक्का, तो रेवाला हात लावत नाही, धमकावत नाही, तिच्या दारात उभा राहून गाणी म्हणत नाही. फक्त विचारतो. तिसऱ्या वेळी त्याने तिच्या गेलेल्या भावाचा विषय काढला आणि ती दुखावली. त्यानंतर त्याने तो विषय कधीच काढला नाही. पाचव्या वेळी तो बढाई मारत होता, सहाव्या वेळी नाही. म्हणजे नकार ऐकून तो दर वेळी थोडा बरा माणूस होतो आणि मग विचारतो. नकार ऐकून माणूस सुधारत असेल तर वाईट काय आहे? लोकांनाही तेच आवडतंय. नववा प्रसंग आतापर्यंत सगळ्यात जास्त पाहिला गेला.

आणि हे तू बोलावंस? तुझ्या घरी पानावर बसलेल्या माणसाच्या 'नको'ला काय किंमत असते, ते मी दोन वर्षं पोटाने अनुभवलं आहे. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, 'बस' म्हटलं की पुरणाचा एक मांडा पडायचा. 'खरंच बस' म्हटलं की दुसरा. ताटावर आडवा झालो तर बाजूने आमरसाची वाटी सरकायची. माझा कप्तान तुझ्या पंगतीतूनच उठून गेला आहे, असं समज.

शेवट काय आहे ते विचारू नकोस, आमचं तोंड करारात बांधलेलं असतं. एवढंच सांगतो की गोड आहे. दिपमालाला म्हणावं, परीक्षेचं टेन्शन घेऊ नको.

तुझा,
हितेंद्र


देवपूर, धुळे
२ मार्च २०२५

चि. हितेंद्र,

मांड्यांवरून तू मला चांगलं सुनावलंस. पत्र वाचून मी हसले, शेजारच्या बाईंनाही वाचून दाखवलं. उत्तरही तयार ठेवलं होतं. आग्रह करणारी बाई समोर दिसते, तिच्यासमोर ताटावर हात आडवा धरता येतो, आणि पोट बिघडलं तर दुसऱ्या दिवशी तिच्या नावाने बोंब मारता येते. तुझ्या रेवाला हात आडवा धरल्याचं आठवतही नाही. आणि तो सुधारतो म्हणतोस, तर पेपर आधी फोडून आलेला पोरगा पैकीच्या पैकी मार्क काढतो, त्याला आम्ही शाळेत हुशार म्हणत नव्हतो.

पण आता ते सगळं बाजूला ठेव, कारण गोष्ट टीव्हीतून माझ्या घरात आली आहे.

दिपमालाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला समाधान नावाचा मुलगा आहे. चाळीसगावचा, इथे देवपुरात खोली घेऊन राहतो. त्याने जानेवारीत तिला विचारलं, ती नाही म्हणाली. त्याने मनगटावरचं भलंमोठं घड्याळ फिरवलं, "एक तास मागे" म्हणाला, आणि मित्रांसमोर पुन्हा विचारलं. पोरं हसली. मग प्रयोगशाळेबाहेर, मग बसथांब्यावर. पाचव्या वेळी पांझरेच्या पुलावर विचारलं आणि मित्रांनी मोबाईलवर चित्रण केलं. त्याला तुझी बासरी लावली आणि सोडून दिलं जगभर.

मी तो व्हिडिओ बघितला. शेजारच्या बाईंनीच दाखवला, कौतुकाने. तो विचारतो, ही खाली बघून हसते, आणि तिथेच संपतो. हितेंद्र, मलाही वाटलं पोरगी लाजली. मी तिला म्हटलंसुद्धा, मुलगा बरा दिसतो, घरी का नाही सांगितलंस? ती मग म्हणाली, "फुई, मी घाबरून हसले. चारी बाजूंनी मोबाईल होते. त्याच्यानंतर मी नाही म्हणाले, मोठ्याने म्हणाले. ते त्यांनी कापलं."

तुझ्या कप्तानाला त्यासाठी काटा तरी लागतो. इथल्या पोरांना मोबाईलवर बोट फिरवलं की पुरतं.

व्हिडिओ गावात पोचला. भिकनचा फोन आला. "बठ्ठा गावनी देखं अक्का. आते कालेज बस." मी म्हटलं, यात पोरीचा काय दोष? तो म्हणाला, "दोष कोना बी राहो, नाव तिनंच जाई." मी हातापाया पडून त्याला थोपवून धरलं आहे. मेमध्ये तिची परीक्षा आहे. आता गावी नेलं तर हजेरी बुडेल, परीक्षेला बसता येणार नाही, आणि एकदा वर्ष गेलं की भिकन तिला परत पाठवणार नाही, स्थळं बघायला लागेल. लहानपणापासून औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत बसणारी पोर आहे ही. तिचं शिक्षण असं जाताना मला बघवणार नाही.

ती म्हणते, "फुई, तू काही करू नको, मी बघते." पण मी काय हातावर हात ठेवून बसणारी बाई आहे?

आशीर्वाद.
कमलअक्का


जळगाव
८ मार्च २०२५

प्रिय अक्का,

तुझं पत्र मी वाचलं आणि मग हेमांगीने वाचलं. ती संध्याकाळी एवढंच म्हणाली, "रेवा नऊ वेळा नाही म्हणते, ते लिहिलं तूच ना? मग तुलाच ऐकू कसं आलं नाही?"

शेवट गोड आहे असं मी तुला लिहिलं होतं, तर तो काय आहे ते आता सांगतो. बाराव्यांदा विचारल्यावर रेवा हो म्हणते. यानावर त्यांचं लग्न लागतं. कालकाट्याचं तिला शेवटपर्यंत कळत नाही. असं मी लिहून दिलेलं आहे. त्या भागाचं शूटिंग मात्र अजून व्हायचं आहे.

मी ते बदलतो. कप्तानाला चांगली शिक्षा देतो, यानाबाहेर काढतो, अंधारात भिरकावून देतो. भिकनमामांना मी स्वतः फोन करतो. कॉलेजच्या प्राचार्यांशी कोणाची ओळख निघते का बघतो. चाळीसगावला जाऊन त्या समाधानच्या वडिलांना गाठतो. तू फक्त सांग, आधी कुठे जाऊ?

हितेंद्र


देवपूर, धुळे
२४ मार्च २०२५

चि. हितेंद्र,

कुठेच जाऊ नकोस. भिकन आला आणि दिपमालाला घेऊन गेला.

जीप घेऊन आला, बसलाही नाही. मी पोहे टाकते म्हटलं, तो नको म्हणाला, मी तरी केले. कढईत तसेच राहिले. दिपमाला रडली नाही. पुस्तकांची पिशवी तिने स्वतः उचलली आणि मागे बसली.

त्याच्याआधी मी समाधानच्या खोलीवर जाऊन आले होते. थोडं बोलले. त्याचा परिणाम काही बरा झाला नाही. जास्त लिहीत नाही.

तिचा प्रॅक्टिकलचा पांढरा कोट खुंटीवर राहिला आहे. मी तो धुऊन, इस्त्री करून पुन्हा तिथेच अडकवला. शनिवारी टीव्ही लावला नाही. तिचा फोन भिकनने काढून घेतला आहे, तेव्हा तिला काही सांगायचं असेल तर गावच्या पत्त्यावर पत्र टाक. मी टाकलं तर ती वाचेल की नाही, मला खात्री नाही.

कमलअक्का


गावाहून, ता. शिंदखेडा
५ एप्रिल २०२५

हितेंद्रदादांना दिपमालाचा नमस्कार.

तुमचं पत्र आबांनी आधी फोडून वाचलं आणि मग मला दिलं. हेही ते वाचतील, असं धरूनच लिहिते आहे. वाचलं तर बरंच होईल.

फुईने तुम्हाला 'थोडं बोलले' असं कळवलं म्हणता. ती दोन बायकांना घेऊन समाधानच्या खोलीवर गेली आणि रस्त्यातून त्याला हाका मारून ओरडली. सगळी गल्ली गोळा झाली. कोणीतरी त्याचाही व्हिडिओ काढला, त्यात फुई माझं पूर्ण नाव घेते आहे. पहिल्या व्हिडिओवर आबा फोन करून थांबले होते. दुसरा बघून ते जीप घेऊन आले. मी फुईला नको म्हणाले होते, दोनदा. तिचा माझ्यावर फार जीव आहे, म्हणून मला त्याचं कमी लागलं. पण लागलं.

समाधानला मी नाही म्हटलं, त्याने ऐकलं नाही. फुईला नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. आबांना म्हटलं मला यायचं नाही, त्यांनी जीपचं दार उघडलं. तुम्ही बासरी लावलीत. सगळे माझ्या भल्याचंच करत होते. समाधानलाही बहुतेक तसंच वाटत असेल.

परवा मी धीर करून आबांशी बोलले. तुम्हाला माहीत असेल, आबा बैलबाजारात मध्यस्थी करतात. उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो. मालकाने एकदा हात काढून घेतला की आबा त्या सौद्यात पुन्हा हात घालत नाहीत, बाजारात त्यांचं यासाठी नाव आहे. मी म्हटलं, मालकाने हात काढला की तुम्ही उठता, मग मी पाच वेळा हात काढून घेतला त्याचं काय? तुम्ही शिक्षा मलाच का देता? ते म्हणाले, "तू काय बैल शे का?" मी म्हटलं, "बैल नही आबा. मालक शे मी."

ते उठून गोठ्यात गेले. त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. पण तुमचं पत्र फोडलेलं का होईना, त्यांनी स्वतः माझ्या हातात आणून दिलं, ते मला पुष्कळ वाटतं.

कप्तानाला कोणती शिक्षा देऊ, असं तुम्ही विचारलंत. त्याला अंधारात टाकू नका. तो मेला तर लोक रडतील आणि राग रेवावर काढतील. मला वाटतं, तिला काट्याचं कळू द्या. मग तिने त्याला समोर बसवून एकदा नाही म्हणावं आणि सांगावं, आता हा तास पूर्ण जगून दाखव. एवढीच शिक्षा. त्याने नकार पुष्कळ वेळा ऐकला आहे, पण नकारानंतरचा तास एकदाही पाहिलेला नाही. त्याला वाटतं, त्या तासात काहीतरी भयंकर असणार. तसं काही नसतं दादा. वाईट वाटतं, मग भूक लागते, मग पडलेलं काम दिसतं. बारावीनंतर माझा मेडिकलला नंबर लागला नाही, त्या दिवशी मीही तो तास काढला आहे. फार्मसी मला त्याच्यानंतर सापडली.

परीक्षा २० मेपासून आहे. जायला मिळेल की नाही माहीत नाही, पण अभ्यास करते आहे.

दिपमाला


जळगाव
९ एप्रिल २०२५

चि. दिपमाला,

तू पत्रात लिहिलेला शेवट मला मालिकेसाठी हवा आहे. कल्पना तुझी आहे, म्हणून विचारतो, आणि एकदाच विचारतो. तुझं उत्तर आलं नाही तर नाही असं धरेन आणि माझ्या डोक्याने दुसरं काही जुळवेन. हो म्हणालीस तर माझा विचार असा आहे की शेवटी रेवा तो कालकाटा दगडाने फोडते.

फुईला तुझं पत्र दाखवलेलं नाही. दाखवायचं का, तेही तूच सांग.

भिकनमामा, हे वाचत असाल तर तुम्हालाही नमस्कार.

हितेंद्र


(पोस्टकार्ड)

१५ एप्रिल २०२५

दादा,

घ्या. पण घड्याळ फोडू नका. फोडलं की त्याच्या हातात काही उरतच नाही, मग तो थांबला यात त्याचं काय कौतुक? ते समोर टेबलावर असू द्या आणि त्याने फिरवू नये.

फुईला दाखवा. रागाने नाही लिहिलेलं, असं सांगा.

आबा म्हणतात, नमस्कार पोचला.

दिपमाला


जळगाव
२२ एप्रिल २०२५

प्रिय अक्का,

सोबत दिपमालाच्या पत्राची प्रत आहे. रागाने लिहिलेलं नाही, असं सांगायला तिने सांगितलं आहे. वाचून झाल्यावर थोडा वेळ कोणाला फोन करू नकोस, मलाही नको.

चॅनेलवाल्यांनी नवा शेवट ऐकून कपाळाला हात लावला. लग्न ठरलेलं आहे, कपडे शिवून झालेत, लोक वाट बघतायत, असं तासभर चाललं. शेवटी रेवाचं काम करणारी मुलगी म्हणाली, "अकरा वेळा तेच ऐकून मला कंटाळा आलाय, मला एकदा तरी पूर्ण उत्तर देऊ द्या." तेव्हा कुठे ते कबूल झाले. शिवलेले कपडे वाया जाऊ नयेत म्हणून यानावरच्या आचाऱ्याचं आणि मेकॅनिक बाईचं लग्न लावून दिलं आहे. त्यांचं आधीपासून एकमेकांना पसंत होतं, मलाच लिहिताना लक्षात आलं नव्हतं. पुढची मालिका मला मिळते की नाही ते बघायचं.

शेवटचा भाग रविवारी, २७ तारखेला आहे. भिकनमामांना मी फोन केलेला नाही, करणारही नाही.

हितेंद्र


देवपूर, धुळे
४ मे २०२५

चि. हितेंद्र,

या वेळचे आशीर्वाद मोकळ्या हाताने.

पोरीचं पत्र वाचून मी दिवसभर चूल पेटवली नाही. समाधानला शिकवायला निघालेली बाई मी, आणि नको म्हटलेलं मलाच कळलं नव्हतं. तू फोन करू नकोस म्हणालास ते बरं केलंस, नाहीतर मी तिला फोनवर रडून दाखवलं असतं आणि तिलाच माझी समजूत काढावी लागली असती.

आखाजीला दर वर्षी भिकन मला जीप पाठवतो. माझं वय झालं म्हणून माहेर सुटत नाही. यंदा पाठवणार नाही असं वाटलं होतं, पण पाठवली, तीही तीन दिवस आधी. जाताना माझ्या मनात एक डाव होता. आखाजीला आलेल्या बहिणीने पदर पसरला तर भाऊ तिला नाही म्हणत नाही. मी पदर पसरून पोरगी मागणार होते. दिपमालाने माझा चेहरा दारातच ओळखला. पाया पडली आणि हळूच म्हणाली, "फुई, मागू नको. तू मागितलंस तर ते तुझ्यासाठी हो म्हणतील." मग मी तोंड शिवून बसले. बोलून पोट भरलेल्या मास्तरणीला ही काय शिक्षा असते, ते तुला कळायचं नाही.

रविवारी तुझा शेवटचा भाग लावला. भिकन म्हणाला, "माले नही देखनं," आणि ओट्यावर पाठ करून बसला. रेवाला कालकाट्याचं कळलं तेव्हा त्याने मान वळवली. तिने तो काटा दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "नाही, व्योमेश. आता हा तास पूर्ण जग." तेव्हा तो उठून चौकटीला टेकून उभा होता. कप्तानाचा हात काट्याकडे गेला. तू बासरी ठेवली नव्हतीस, नुसती यंत्रांची घरघर. कितीतरी वेळ तो हात तिथेच. मग त्याने तो मागे घेतला. रडला थोडा. पाणी प्यायला. इतक्यात कुठेतरी नळी गळायला लागल्याची हाक आली आणि तो पान्हा घेऊन तिकडे गेला. तीही आपल्या रोग्यांकडे गेली. तास संपला, काटा वाजला, कोणाला काही झालं नव्हतं.

भिकन म्हणाला, "इतलंच?"

मी म्हटलं, इतलंच.

"मंग इतला दिन पळत कसाले व्हता तो?"

एवढं म्हणून तो बैलांना पाणी दाखवायला गेला. सोमवार गेला, मंगळवार गेला. माझ्या मनात शंभरदा आलं की बोलावं, दर वेळी दिपमालाने नुसतं माझ्याकडे बघितलं. आखाजीच्या दिवशी निंबाला झोका बांधला होता. पोरी गाणी म्हणत होत्या, दिपमाला एका चिमुरडीला मांडीवर घेऊन झोक्यावर बसली होती. भिकन मांडवातून सरळ तिथे गेला. पोरींची गाणी थांबली.

तो म्हणाला, "दिपा, तुले परत जावानं शे का?"

ती म्हणाली, "हाव आबा."

मला वाटलं आता विचारेल, नक्की का, लोक काय म्हणतील, तो पोरगा पुन्हा आडवा आला तर काय करशील. त्याने काही विचारलं नाही. म्हणाला, "मंग आखाजी करीसन जाय," आणि खिशातून तिचा फोन काढून तिच्या हातात दिला. चार्ज केलेला होता, हितेंद्र. म्हणजे सकाळीच ठरवलं असणार त्याने, पण विचारल्याशिवाय दिला नाही. मी तिकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

गुरुवारी आम्ही दोघी धुळ्याला आलो, शुक्रवारी ती कॉलेजात गेली. मी प्राचार्यांकडे येते म्हटलं, ती नको म्हणाली, मी घरी बसले. तिने एकटीने जाऊन झालं ते खरं सांगितलं. राहिलेली प्रॅक्टिकल जादा करून द्यायची, मग परीक्षेला बसता येईल. इस्त्री केलेला कोट घालून गेली होती.

फाटकात समाधान दिसला म्हणाली. मनगटावर ते घड्याळ नव्हतं. "व्हिडिओ काढून टाकला, सगळ्यांकडचा," एवढं बोलून तो थांबला नाही, पुढे निघून गेला. बरोबरची पोरं हसली, तो हसला नाही. पोरगा मुळात वाईट नसावा. गल्लीत त्याची शोभा केली त्याबद्दल मी जाऊन त्याची माफी मागू का, असं मी दिपमालाला विचारलं आहे. विचार करून सांगते म्हणाली. मी वाट बघते आहे.

आता शेवटचं, तुझ्या त्या पंगतीच्या टोमण्याचं. भिकनच्या घरून मांडे आणि आंबे बांधून दिले होते. गुरुवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. दीड महिना गावी राहून पोरगी वाळली आहे. तिचा मांडा संपला तसा मी दुसरा उचलला. "नको फुई," ती म्हणाली. माझा हात सवयीने पुढे गेलाच होता, मांडा तिच्या ताटावर लोंबत होता. तिने हात आडवा धरला नाही. नुसती बसून राहिली.

मी तो परत टोपलीत ठेवला. एवढ्या वयात पहिल्यांदाच ठेवला असेल. जीव नुसता कासावीस झाला, पोर उपाशी राहिली असं वाटलं, पण मान खाली घालून माझं मी जेवत राहिले. तिने आंबा चोखला, कॉलेजच्या दोन गोष्टी सांगितल्या, पाणी प्यायली. आणि मग ताट माझ्याकडे सरकवलं.

"फुई, आता वाढ."

तुझी,
कमलअक्का